कोठ्याचं दार

वैशाखातल्या वादळात भाताचं तणस ठेवायचा आमचा कोठा उडाला. नवा बांधायला मुखरू सुतार आला. त्यानं येनाच्या लाकडाचे लांब खांब निवडले, उधई लागू नये म्हणून त्यांची बुडं जाळली, खड्डे खणले. दारासाठी माझ्या डोक्यावर वीतभर माप धरून त्यानं करवत घेतली. “आणखी उंच ठेवा, भाऊ.” “काऊन, बाई? तणसाले का फेटा हाय? उंच कोठा वारा उडवून नेते.” धन्याचं नाव मला घेता येत नव्हतं. भिलाईच्या कारखान्यावर गेल्यापासून त्यांची खबर नव्हती. ते येईपर्यंत मी एकभुक्त धरलं होतं. तुळशीपुढचं कुंकू बोटाला होतंच. टाचा उचलून मी घराच्या भिंतीवर, त्यांचं कपाळ यायचं तिथं, बोट टेकवलं. मुखरूनं त्या खुणेकडं पाहिलं. “फेट्यासकट धरलं ना?” मी बोट वर सरकवलं. त्यानं खांब न कापताच करवत खाली ठेवली आणि वाऱ्यात ते टिकावेत म्हणून खड्डे आणखी खोल केले.