दानेश्वरी रडली नाही

दारात रिक्षा थांबली आणि आतल्या बायकांनी पुन्हा गळा काढला. वळसंगहून निंगव्वाची चुलत नणंद आली होती. माणूस गेलेल्या घरात पाहुणी आली की घरच्या बायकांनी तिच्या गळ्यात पडून रडायचं, ही रीतच. निंगव्वा रडली, शेजारणी रडल्या. धाकटी सून दानेश्वरी मात्र पाण्याचा तांब्या घेऊन उभी. डोळे ठणठणीत कोरडे.

"लई वाईट झालं गं," नणंद तिला म्हणाली.

"व्हय," दानेश्वरी म्हणाली. "पानी घ्या."

निंगव्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेली होती थोरली सून, राजेश्वरी. भवानी पेठेतल्या या घरचा कडक भाकरीचा धंदा तिच्या जिभेवर चालायचा. भाकरी घेऊन झाली तरी गिऱ्हाईक तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय हलायचं नाही. डेंग्यूचा ताप आला काय आणि आठवड्याभरात बाई गेली काय! निंगव्वाला दोन मुलगे. मुलीची उणीव राजेश्वरीनं कधी भासू दिली नव्हती.

दानेश्वरीचंही निंगव्वाला कालपरवापर्यंत कौतुकच होतं. तशी पोर जराशी तऱ्हेवाईक. बांगड्यांचा आवाज सोसत नाही म्हणून त्यांना दोरा गुंडाळायची. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की कानात कापूस घालायची. कुणाच्या तोंडाकडे बघून बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. सासूशी बोलतानाही नजर तिच्या कपाळावर. पण लग्नकार्यात बघावं तर राजेश्वरीला चिकटून बसलेली. ती हसली की ही हसणार, पाठवणीला ती रडली की हीही धाय मोकलून रडणार. 'जावा असाव्यात तर अशा,' असं पेठेतल्या बायका म्हणायच्या आणि निंगव्वाची मान ताठ व्हायची.

मग आताच काय झालं? मातीला नेण्याआधी राजेश्वरीला लिंगायत रिवाजाप्रमाणे भिंतीशी बसवलं होतं. हार घातले होते, विभूती लावली होती. सगळं घर ऊर बडवत होतं. दानेश्वरी अगदी समोर बसून त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. खरंच गेली ना, याची खात्री करून घेतेय, असं निंगव्वाला वाटलं. तो विचार मनात घुसला तो घुसलाच. इतक्या वर्षांची माया नुसतं नाटक होतं तर!

नणंद आली त्याच दुपारी निंगव्वाची भाची रेश्मा भेटायला आली. ती विशेष मुलांच्या शाळेत शिकवायची. जाताना तिनं निंगव्वाला बाजूला घेतलं.

"आत्या, दानेश्वरीवर रागावू नकोस. मला वाटतं, ती स्वमग्न असेल. बायकांचं लवकर लक्षात येत नाही गं, कित्येकींचं मोठेपणीच कळतं. एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"सोताच्यातच मग्न! मग मी येगळं काय म्हंतीय?"

"तसं नाही, आत्या. तो जन्मापासूनचा स्वभाव असतो. वरून दिसत नाही म्हणजे आत काही नसतं, असं नाही."

"तुज्या शाळंतली पोरं लहान हाईत. ही दोन लेकरांची आई! तुज्या लग्नात कशी रडली, बघितलंस की तू. आता डोळं का आटलं? थोरलीची जागा मोकळी झाली, म्हून बरं वाटतंय तिला."

रेश्मानं चपला पायात सरकवल्या. दुःखानं पेटलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीच्या दिवसकार्याची आराधना होती. जंगम स्वामींचं जेवण, सगळे सोयरे येणार, अक्कलकोटहून दानेश्वरीचे आईवडीलही येणार. संध्याकाळी निंगव्वानं धाकट्या लेकाला, शिवराजला, आणि दानेश्वरीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"उद्या चार मान्सांत राजेश्वरी अक्काच्या नावानं रडायचं," ती सुनेला म्हणाली. "न्हाय रडलीस, तर तुज्या आयबापाच्या गाडीत बसायचं. परत यायचं न्हाय. लेकरं हितंच ऱ्हातील."

आईपुढे शिवराजचं कधीच काही चालत नसे.

दानेश्वरी सासूच्या कपाळावरच्या विभूतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कसं रडू, अत्ती?"

निंगव्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तोंड वर करून इचारतीस? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेव!"

दानेश्वरीनं नवऱ्याकडून मोबाईल मागून घेतला आणि ती माडीवर निघून गेली.

निंगव्वा तिथंच बसून रडली. राजेश्वरीसाठी रडली आणि धाकट्याचा संसार आपल्याच हातानं मोडावा लागतोय म्हणूनही रडली. नातवंडं आईवाचून कशी राहतील, हेही तिला दिसत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

तेवढ्यात वरून हसू ऐकू आलं.

राजेश्वरीचं हसू. खळखळून, शेवटी जरासा ठसका लागणारं. निंगव्वा भिंत धरून जिना चढली आणि दार ढकललं.

दानेश्वरी आरशापुढे बसली होती. मांडीवर मोबाईल, त्यात रेश्माच्या लग्नातली राजेश्वरी हसत होती. दानेश्वरी खाली बघायची, मग आरशात बघायची आणि तिच्यासारखे ओठ हलवायची.

"सटवे!" निंगव्वा किंचाळली. "तिची माती अजून वाळली न्हाय, आन् तू हितं हसतीस?"

दानेश्वरीनं मान वर केली नाही. बोटानं पुढचा व्हिडिओ लावला, मग त्याच्या पुढचा.

"सगळं बघितलं, अत्ती," ती म्हणाली. "अक्का रडल्यालं कुटंच न्हाय. सगळ्यात हसतीयाच."