धरायचा पट्टा

माहूरच्या रेणुकेची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात बी आत्ताच पडू द्या.

लातुरात क्लासच्या गल्लीत आलोकचं बॅगांचं दुकान हाय. छतापासून उंबऱ्यापर्यंत बॅगा अशा लटकलेल्या, की गिऱ्हाइकाला दुकानदार सापडायलाच घटकाभर लागतो. त्या बॅगांच्या रानात शिवम्मा घुसली, आन् नातीच्या पाठीवरची जांभळी बॅग मागून धरून तिनं अशी वढली की पोरगी चवड्यावर उभी राहिली.

"आजी! काय करून राहिलीस?"

"बगून राहिले."

नात देविका, अकरावीत, डॉक्टरकीच्या क्लासला. रविवारी तिच्या बॅचची पोरं-पोरी खरोशाच्या डोंगरावर जाणार होती, सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत परत. पुढं सुट्टीत नांदेडच्या मैत्रिणीसंगं माहूरगड. शिवम्मा म्हणली होती, "बॅग मी घेऊन देते, पण निवडणार मी. न्हाईतर डोंगर-बिंगर काई न्हाई." पोरीनं खुशाल कबूल केलं. आजी बॅग अशी निवडती, हे तिला काय ठाऊक!

आलोक लई समजावून सांगत होता. "आजी, ही हलकीफुलकी हाय. एका दिवसाच्या फिरतीला एवढीच लागती. पाण्याची बाटली इथं, डबा इथं. घाम येऊ न्हाई म्हणून पाठीला जाळी. छातीला क्लिप..."

"ते ऱ्हाऊ द्या. वर मानंपाशी धरायचा पट्टा असतो, तो दाखवा."

"तो खुंटीला अडकवायला असतो, आजी. त्याला कोण बगतंय?"

"मी."

जांभळीची शिवण उसवली. निळीचा पट्टा हातातच आला. तिसरी आलोकनं पोरीला घालू दिलीच न्हाई, "खुंटीवरच बगा" म्हणला. शिवम्मानं खुंटीवरच वढली. पट्टा टिकला, पण खुंटी निघाली, खुंटीसंगं फळी आली, आन् फळीसंगं सतरा बॅगा आलोकच्या डोस्क्यावर. क्लास सुटून चाललेली पोरं दारात थांबली. त्यातला एकजण वरडला, "आज्जी, कुस्तीच्या क्लासला नाव घाला की!"

देविकाचे कान लालेलाल झाले.

आलोक ढिगातून बाहेर आला तो एक बॅग घेऊनच. मातकट रंग, जाड कापड, दुहेरी शिवण. शिवम्मानं ती नातीच्या पाठीवर चढवली, पाय रोवले आन् वढली. पोरगी जमिनीपासून वीतभर वर आली. पट्टा हलला न्हाई.

"हीच."

"ही मी घेणार न्हाई." देविकानं बॅग काढून खाली आदळली. "गाढवावर टाकतात तसली हाय. सगळे हासतील मला. मी डोंगर चढायला चाल्ले, आजी, विहिरीत उतरायला न्हाई. मला मागून वढणार कोण हाय?"

शिवम्मा स्टुलावर टेकली. बॅग उचलून मांडीवर घेतली. तिच्यावरची धूळ पदरानं पुसत राहिली, धूळ गेली तरी पुसत राहिली.

"तुझ्या नरसिंगमामाला दुसरीत नवं दप्तर घेतलं होतं," ती म्हणली. "काढायचाच न्हाई खांद्यावरनं. तसाच झोपायचा. भूकंपात घर बसलं तवा मातीच्या वर दप्तराचा पट्टा तेवढा दिसत होता. मी धरला."

मामा भूकंपात गेला, एवढंच देविकाला ठाऊक होतं. घरात त्याच्यावर कोणी बोलायचं न्हाई.

"खालून वढ बसत होती. जिता होता. एका हातानं मी वढून राहिले. दुसऱ्या हाताला तुझी आई, तीन वर्साची, कडंवर. तितक्यात पुन्हा हादरा आला. मागची भिंत झुकली. लोक वरडले, पळ शिवम्मा, पोरगी तरी वाचव!"

"मग?"

शिवम्मानं आलोककडं बगितलं. दारातल्या पोरांकडं बगितलं. नातीकडं मात्र बगितलं न्हाई.

"मग पट्टा तुटला," ती म्हणली.

दारातली पोरं एकेक करून निघून गेली. आलोक खाली पडलेल्या बॅगा उचलायला लागला, उचललेली पुन्हा खाली ठेवायला लागला.

देविकानं आजीच्या मांडीवरची बॅग घेतली. पाठीवर चढवली, छातीची क्लिप लावली आन् आजीकडं पाठ करून उभी राहिली.

"धर."

शिवम्मानं धरला.

"जोरात धर की, आजे."

शिवम्मानं दोन्ही हातांनी धरला. लई वेळ गेला. एक गिऱ्हाईक आलं, बगून परत गेलं.

"आजी, सोडा आता," आलोक हळूच म्हणला. "पिशवीत घालून देतो."

शिवम्माची बोटं काई उकलंनात.

"ऱ्हाऊ द्या," देविका म्हणली. "आमी असंच जातो."

तशाच दोघी गल्लीतनं निघाल्या. दोन्ही अंगाला पहिल्या आलेल्या पोरांचे घराएवढे फोटो, मधून नात, आन् तिचा पट्टा धरून मागं आजी. देविका बारकी बारकी पावलं टाकत होती, मागचा हात सुटू न्हाई म्हणून.

एवढी मोठी आण घेतली, म्हणून एक सांगूनच टाकते. बाकी सगळं खरं हाय. एक गोष्ट तेवढी रचलेली हाय. शिवम्मानं ती नातीला सांगितली, मी तुम्हाला.

पट्टा तुटला न्हवता.