अर्धा कप माश्या

"साखर दमट असली की खोटं बोलते," म्हणत थोरल्या जावेनं धाकटीच्या पेटीतल्या अर्धा कप मधमाश्या बरणीत ओतल्या आणि वर स्पिरिट.

धाकटीचा भरवसा पिठीसाखरेवर. माश्या साखरेत घोळवल्या की अंगाला गोचिडीसारखे चिकटलेले माइट गळतात, माश्या पांढऱ्याफटक होऊन का होईना, जिवंत घरी जातात. काल तिनं तसंच मोजलं होतं. दोन. स्पिरिटमध्ये तीनशेच्या तीनशे मेल्या आणि चाळणीखाली मोहरीपेक्षा बारीक, तांबडे माइट बसले. थोरलीनं चष्मा नाकावर ओढून मोजले. एकवीस.

"तुझ्या ओव्याच्या अर्कानं माश्यांची पोटं दुखायची थांबली असतील. माइट काही हलले नाहीत बाई."

सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, जिच्या पेटीत माइट कमी, तिच्या हाती बाराही पेट्या. दुसरीनं स्वयंपाकघर बघायचं.

मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारी धाकटी. बरणीतल्या माश्यांकडे ती बघत राहिली.

"आता तुमची पेटी. माश्या मी काढते, ताई."

थोरलीच्या पेटीत औषधाच्या पट्ट्या शिस्तीत लटकत होत्या. एक-दोनच माइट निघणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिसऱ्या चौकटीवर राणी होती, लांब पोटाची, भोवती घोळका. राणी दिसली की ती चौकट परत ठेवून दुसरी घ्यायची, हे धाकटीला थोरलीनंच शिकवलेलं. या दिवसांत राणी गेली तर नवी तयार होत नाही, पेटी महिन्याभरात ओस पडते.

थोरली पाठमोरी, बरणी विसळत होती. धाकटीनं चौकट तबकात एकदाच झटकली, कप भरला. राणी कपात आली, हे नीट पाहून घेतलं.

थोरलीनं स्पिरिट ओतून झाकण आवळलं.

"तुम्हीच हलवा, ताई. तुमच्याइतकं जोरात मला जमत नाही."

"त्याला काळीज घट्ट लागतं," थोरली हसली. "मिनिटभर हलवायची. मोज."

धाकटी शांतपणे एकेक आकडा मोजत गेली. तिशीला थोरलीनं हात बदलला. साठ झाल्यावर ती थांबणार, तोच धाकटी म्हणाली,

"अजून थोडं हलवा. माझ्या पेटीला जास्त हलवलं, असं नको व्हायला."