जिंकले की चिकन फुकट

गावचा फुटबॉल क्लब गेल्या वर्षी पार तळाला होता, आणि यंदा नवा कोच म्हणून कुठल्याशा शाळेतला पीटीचा मास्तर आणला होता. म्हणून तर बोंगसूने आपल्या दुकानावर दिमाखात फलक लावला, 'क्लब जिंकेल त्या संध्याकाळी तळलेलं चिकन फुकट, वर मुळ्याचं लोणचंही!' जाहिरात होईल आणि छदामही जाणार नाही! आपल्याइतका हुशार माणूस अख्ख्या बाजारात नाही, हे त्याने बायकोला दोनदा सांगितलं.

पण मास्तरने काय जादू केली कोण जाणे, क्लब जिंकतच सुटला. दुकानापुढची रांग पार कोपऱ्यापर्यंत जायला लागली.

"अहो, उतरवा तो फलक," त्याची बायको माल्सून चिकनला पीठ लावता लावता करवादली.

"आणि गावात तोंड कसं दाखवू?"

"तोंडाचं राहू दे, आधी तेल आणा. संपलंय."

शेवटच्या सामन्याला बोंगसू स्वतः मैदानात जाऊन बसला आणि मनातल्या मनात समोरच्या संघासाठी हात जोडत राहिला. अगदी शेवटच्या मिनिटाला आपल्याच क्लबने गोल ठोकला. विजेतेपद आलं, आणि बोंगसू ढसाढसा रडला. नेमकं त्याचं ते रडणंच टीव्हीवर दिसलं.

दुसऱ्या दिवशी कोच दुकानात आला आणि त्याच्यापुढे कमरेत वाकला.

"मालक, राजधानी सोलच्या मोठ्या क्लबचं बोलावणं आलं होतं. पण काल तुम्हाला रडताना पाहिलं आणि त्यांना नाही म्हणून कळवलं. आता आणखी तीन वर्षं इथंच!"