आत्याची कवळी

बारा वाजून गेले तरी वाटी आली नाही, तेव्हा आचारी भिंतीला धरून उठला. टायफॉइडचा ताप उतरून आठ दिवस झाले होते आणि भूक अशी खवळली होती की उशीसुद्धा पावासारखी दिसत होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "आतडं ओल्या कागदासारखं झालंय. न चावता गिळता येईल तेवढंच द्या. घाई केलीत तर फाटेल." ते आत्याने ऐकलं होतं. त्याने नाही.

हॉटेलात रोज पाचशे माणसांना जेवू घालणारा तो, घरी आत्याच्या हातचा गिचका गिळत होता. "भात आहे की खळ?" कालच त्याने वाटी सरकवली होती.

"खळच. कागद चिकटवायचाय ना," आत्या म्हणाली होती.

स्वयंपाकघरात ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. दाराशेजारीच फळीवर पाव होते. त्याने हळूच एक उचलला. तेवढ्यात मागूनही आत्याचा जबडा हलताना दिसला.

"मला उपाशी ठेवून स्वतः जेवतेस होय?"

आत्या वळली. गाल आत गेले होते. कवळी ओट्यावर, पाण्याच्या पेल्यात. थांब, असं बोटानेच सांगून ती डोळे मिटून तोंडातला बटाटा हिरड्यांवर फिरवत राहिली. मग मान हलवून तिने पातेलं परत शेगडीवर चढवलं.

"गाठ लागतेय अजून."

"रोज असं बघतेस?"

"प्रत्येक वाटीला. दात असले की कळत नाही रे." मग तिला त्याच्या हातातला पाव दिसला. "खायचा तर खा. हिसकावायला मी काही धावणार नाही. दातांबरोबर गुडघेही गेलेत."

मीठ बघायला जिभेचं टोक लावायचं आणि पुढच्या पातेल्याकडे वळायचं, अशी त्याची वीस वर्षं गेली होती. एका बटाट्यासाठी इतकं थांबलेलं कुणी त्याने पाहिलं नव्हतं.

पाव फळीवर ठेवून तो स्टुलावर बसला. "होऊ दे सावकाश."

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या दिवशी आत्या वाटीऐवजी ताटली घेऊन आली. दाणा न् दाणा सुटा असलेला भात, शेजारी उकडलेलं अंडं. ती हसली तेव्हा वरखालच्या दोन्ही ओळी चमकल्या.

"घे. आज दात लावून चाखलंय."