कमळाचे वीस पैसे

सालेकशाच्या केवळराम गुरुजींचं २००३ साली आलेलं पत्र तीन वर्षं माझ्या पुस्तकात पडून होतं. "१९७० सालची सगळी नाणी जमली. फक्त कमळाचं वीस पैशांचं राहिलं. तुमच्याकडे दोन आहेत असं कळलं. एक द्याल का?"

दोन होती, हे खरं. पण एक दिलं असतं, तर त्या सालचा पूर्ण संच असलेला जिल्ह्यात मी एकटा उरलो नसतो. आयुष्यात दुसऱ्या कशातही माझा पहिला नंबर आला नाही. "माझ्याकडे जादा नाही," असं कितीदा तरी लिहायला बसलो, पण खोटं लिहवेना, दरवेळी कार्ड फाडून टाकायचो.

परवा नागपूरला जाताना गाडी माडगीच्या पुलावर आली. माझ्या बायकोने, प्रेमिलाने, नेहमीप्रमाणे हात जोडून वैनगंगेत रुपया टाकला. मीही खिशातलं एक नाणं काढून खिडकीतून सोडलं.

"मी पैसा टाकतो तं मले हासता. आज तुमीच काऊन टाकून राहिले?"

"मनावर ओझं होतं गं."

"मंग, झालं का हलकं?"

"झालं," मी म्हणालो, आणि खरंच झालं होतं.



नागपूरला उतरल्याबरोबर गुरुजींना कार्ड टाकलं : "उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. खोटं बोलणं मला जमत नाही. कमळाचं नाणं माझ्याकडे एकच आहे."