शेगडीचा मालक

शालनबाईंना या सहलीत एकाच गोष्टीची कमाई होती: दहा दिवस ओट्यापाशी उभं राहायचं नाही. ग्रीसचं बेट, निळा समुद्र, पांढरी घरं, हे सगळं वरकड.

"अगं, स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं!" दिनकरराव नाचतच आले. "ताई-भावोजीही येतायत. समोर समुद्र आणि तुझ्या हातचं पिठलं!"

शालनबाईंचे दहा दिवस जागच्या जागी बुडाले. दिनकररावांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि धाकटा कुकर आधीच जाऊन बसले होते.

"त्या घराच्या बुकिंगचा फॉर्म कुणी भरला?"

"मीच!" रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत प्रत्येक रकान्यात आपलंच नाव घालायची दिनकररावांची चाळीस वर्षांची सवय.

शालनबाईंनी चष्मा लावून फॉर्म वाचला आणि त्या खुदकन हसल्या. "अहो, स्वयंपाक कोण करणार, असं विचारलंय. तुम्ही तुमचं नाव दिलंय. आणि खाली लिहिलंय, दुसऱ्या कुणी शेगडीला हात लावायचा नाही."

"त्यांना तिथं काय कळणार आहे?"

"परक्या मुलखात खोटं नको बाई! चला, पिठलं शिकवते."

निघायला महिना होता. मिरजेच्या घरात रोज संध्याकाळी दिनकरराव पिठल्यातल्या गुठळ्या मोडत, आणि शालनबाई झोपाळ्यावरून ओरडत, "मीठ राहिलं!"

दहा दिवसांची सुट्टी अशी चाळीस दिवसांची झाली. भरपाई दिनकररावांनी केली, तीन भाजलेल्या बोटांनिशी.